बारा मिनिटं

फाल्गुन लागला की मला माणसं टाळावीशी वाटतात. शाळेत परीक्षेची गडबड असते, वर्गाच्या खिडकीबाहेरच्या करंजाला कोवळी, तेल लावल्यासारखी चमकती पालवी फुटलेली असते, आणि दौंडच्या बाजारात साखरेच्या गाठींच्या माळा दुकानांपुढे लटकू लागतात. पांढऱ्या, गुलाबी, मधेच एखादी पिवळी. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारतं, "बाई, होळीला गावी जाणार का?" मी म्हणते, बघू. गेली नऊ वर्षं मी बघूच म्हणते आहे.

परवा आमच्याकडच्या एका तरुण शिक्षिकेने माझ्यापुढे मोबाईल धरला. तिचं लग्न ठरायचं आहे. जन्मतारीख, वेळ, गाव टाकलं की दोन सेकंदांत पत्रिका येते. ती म्हणाली, "बाई, तुमचे वडील जोशी होते ना? हे बघा, मला मंगळ दाखवतंय. पण वेळ जरा अलीकडची टाकली की जातो." तिने बोटाने वेळ बदलली, आणि पडद्यावरचा मंगळ खरोखर एका घरातून दुसऱ्या घरात गेला. ती हसली. मला हसता आलं नाही. पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

माझे वडील वडगाव रासाईचे जोशी. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पाच म्हणायची. बारशाला नाव काढणं, पेरणीचा दिवस पाहणं, विहिरीला जागा सांगणं, लग्नाच्या पत्रिका जुळवणं आणि पाडव्याला मारुतीच्या देवळात नव्या वर्षाचं पंचांग वाचून दाखवणं, ही त्यांची कामं. त्यांचं अक्षर देखणं होतं. लाल आणि काळ्या शाईने मांडलेली त्यांची पत्रिका गावातल्या पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी सापडेल, जुन्या साडीत गुंडाळलेली.

लोक वसंताला ऋतूंचा राजा म्हणतात. आप्पा म्हणायचे, जुन्या पोथ्यांत वसंत आणि शरद या दोन ऋतूंना यमाच्या दाढा म्हटलंय. थंडी सरते, ऊन चढतं, अंगातला कफ पातळ होतो, साथी येतात. हा ऋतू माणसं सांभाळायचा. "माणूस उगाच सण करत नाही, सुधे," ते मला सांगत. "जिथं भीती वाटते तिथं तो सण मांडतो." होळीत जुनं वर्ष जाळायचं, दुसऱ्या दिवशी तीच राख कपाळाला लावायची, आपणही एक दिवस हीच होणार हे विसरायचं नाही. मग पंधरा दिवसांनी पाडवा. त्या दिवशी गोडाधोडाच्या आधी तोंडात कडुनिंब. ओवा, हिंग, मिरी, चिंच, गूळ घालून आई फुलोऱ्याची चटणी वाटायची, पण कडू ते कडूच. नव्या वर्षाची पहिली चव कडू घ्यायची आणि तक्रार करायची नाही, एवढाच त्या सणाचा अर्थ, असं आप्पांचं मत.

होळीच्या संध्याकाळी ते मला अंगणात उभं करून पूर्वेकडे बोट दाखवायचे. चंद्र तांबडा, मोठा, नदीपलीकडच्या उसावर टेकलेला. "आत्ता तो फाल्गुनी नक्षत्रांपाशी आहे. पूर्वाफाल्गुनीचा देव भग. भग म्हणजे वाटा, ज्याच्या त्याच्या पदरात पडणारा. उत्तराफाल्गुनीचा देव अर्यमा. तो लग्नाचा साक्षी." भाग्य आणि लग्न, दोघांच्या मधे उभा राहिलेला चंद्र. मला लहानपणी ते फार सुंदर वाटायचं. भीती वाटायला पुढे वेळ लागला.

माझ्या पत्रिकेत मंगळ बाराव्या घरात आहे. ज्या मुलीला मंगळ तिचं लग्न मंगळाच्याच मुलाशी लावायचं, नाहीतर जोडीदाराच्या जिवाला धोका, असं शास्त्र सांगतं आणि लोक त्याहून जास्त सांगतात. माझा जन्म वीस मिनिटं उशिरा झाला असता तर लग्नरास बदलली असती आणि मंगळ अकराव्या घरात गेला असता, निरुपद्रवी. शिरूरच्या एका चांगल्या घरातून मला मागणी आली होती. मुलगा बँकेत होता, मला दोनदा पाहायला आला होता, दुसऱ्यांदा उगाचच. आई आप्पांच्या पाया पडली. वीस मिनिटं पुढे घ्या म्हणाली, कुणाला कळणार आहे. आप्पा म्हणाले, "मी स्वतः घड्याळात पाहिलेली वेळ आहे. वेळ देवाची असते. ती मी कशी हलवू?"

मागणी परत गेली. नंतर आणखी तीन. मी दौंडला नोकरी धरली, खोली घेतली. आई गेली. सुट्टीला मी वडगावला जायची, आप्पांचा स्वयंपाक करायची, परत यायची. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. भांडायला जे लागतं तेही हळूहळू वाळून गेलं होतं.

आमच्या घराला लागून कमलकाकूंचं घर. त्यांची दोन एकर झेंडू-शेवंती आणि उरलेला ऊस. त्यांची धाकटी सारिका माझ्यापेक्षा खूप लहान, लहानपणी माझ्याकडे पाढे म्हणायला येणारी. नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी वडगावला होते. तुळशीचं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कमलकाकू मागच्या दाराने आल्या. मी आत हरभऱ्याची डाळ निवडत होते.

"आप्पा, न्हावऱ्याचं स्थळ आलंय सारिकाला. पोरगा कुरकुंभला कंपनीत पर्मनंट हाय. दत्ता नाव. घर बी चांगलं. पर त्येंनी पत्रिका मागितलीय."

आप्पा म्हणाले, "तिला आठव्या घरात मंगळ आहे, वहिनी. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."

"व्हय. आन् तुमीच सांगितलं व्हतं का बारा मिनिटं आधी जन्मली असती तर नवव्यात गेला असता."

"भाग्यस्थानात गेला असता," आप्पा म्हणाले.

"तर मग." कमलकाकू पुढे सरकल्या. "त्या सरकारी दवाखान्यातलं घड्याळ बरोबर व्हतं का, कुणाला ठावं? भितीवर टांगलेलं. नर्सनं सांगितलं ते आमी धरलं. बारा मिनिटं पुढं असंल तेवढं."

मी आतून ऐकत होते. मला उत्तर माहीत होतं. वेळ देवाची असते. मी ते वाक्य मनात म्हणूनही टाकलं. पण बाहेरून काहीच आवाज आला नाही. मी मान वर केली. आप्पा दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहत होते. त्या वर्षी मी एक्केचाळीस वर्षांची होते, डोक्यावर पांढरे केस होते आणि मांडीवर डाळ पाखडायचं सूप होतं.  मग म्हणाले, "आणा ती जुनी पत्रिका. नवी मांडून देतो."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दौंडला निघताना पिशवी उचलली आणि म्हणाले, "माझ्या वेळी वीस मिनिटं होती, आप्पा."

"माहीत आहे," ते म्हणाले. मी थांबले नाही. पण एसटीत बसल्यावर मला कळलं की त्यांनी ते कुणासाठी केलं होतं. माझ्यासाठी आता काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून शेजारच्या मुलीसाठी केलं. माझा राग त्याने गेला नाही. फक्त त्याला धरायला जागा उरली नाही.

माघात सारिकाचं लग्न झालं. दत्ता हसरा होता, सावळा, हातावर रसायनाने भाजल्याचे दोन जुने डाग. लग्नात तो आप्पांच्या पाया पडला तेव्हा आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ ठेवला.

पहिल्या शिमग्याला सारिका माहेरी आली. मीही शाळेला सुट्टी म्हणून गावी होते. होळीच्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि सगळं सांगत राहिली. दत्ताला यायचं होतं, पण कंपनीत माणसं नाहीत. बिहार, यूपीची पोरं होळीला गावी गेली की प्लांट अर्ध्या माणसांवर चालतो, मग इकडच्यांना डबल शिफ्ट. "रंगपंचमीला नक्की येतो म्हणालेत," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्येंच्या तिथं एक पाइप गळतोय, सुधाताई. दोनदा लॉगबुकात लिवलं म्हणत्यात. सायब म्हणला, सण झाला की बघू. डोळ्यांची आग व्हती म्हणत्यात."

मी म्हणाले, जपून राहायला सांग. आपण असं म्हणतो. त्याने आपलं काही जात नाही.

दुसऱ्या दिवशी धुळवड. दुपारी तीनच्या सुमारास सारिका आप्पांसाठी पुरणाची पोळी आणि कटाची आमटी घेऊन आली. कपाळाला राखेची पुसट रेघ होती, कानामागे गुलाल. ताट माझ्या हातात देत होती तेवढ्यात तिचा फोन वाजला. दत्ताचा नंबर पाहून तिचा चेहरा उजळला. तिने फोन कानाला लावला, आणि मग गोंधळून माझ्यापुढे धरला. "कुणीतरी हिंदी बोलतंय. तुमी बघा की."

पलीकडे मनोज नावाचा बिहारचा कामगार होता. तिकीट मिळालं नाही म्हणून तो होळीला घरी गेला नव्हता. तो म्हणाला, "दीदी, घर में कोई बड़ा आदमी है?" मी म्हणाले, मला सांगा. तो रडायला लागला. पाइप फुटला होता. दत्ता वॉल्व्ह बंद करायला पुढे गेला. वॉल्व्ह बंद झाला, म्हणून बाकीचे वाचले.

सारिका माझ्याकडे पाहत होती. ताट अजून माझ्या दुसऱ्या हातात होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी, तिच्याकडे पाहताना, माझ्या मनात पहिला विचार तिचा आला नाही. दत्ताचाही नाही. पहिला विचार आला, म्हणजे खरं निघालं. आणि त्याच्या पाठोपाठ, पायाखालून पाणी सरकावं तसा दुसरा: बरं झालं, माझं लग्न झालं नाही. माझ्या हातून कुणी गेलं नाही. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहांची अंतरं मुलांकडून पाठ करून घेते. तरीही आत कुठेतरी हे सगळं जपून ठेवलेलं होतं, आणि ते जागं व्हायला एका माणसाचं मरण पुरलं. त्या सुटकेची मला आजही किळस येते.

मग मी ताट खाली ठेवलं आणि तिला धरलं.

आप्पांनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते पंचांग पुढे घेऊन बसायचे, पान उलटायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर बदललं, टोपी घातली आणि काठी शोधू लागले.

"कुठं निघालात?"

"न्हावऱ्याला. त्यांना सांगून येतो. पत्रिका मी बदलली. तो पोरगा माझ्यामुळे गेला."

"पाइप गळत होता, आप्पा. दोनदा लिहून दिलं होतं त्याने."

"पाइप निमित्त असतो. योग असला की निमित्त सापडतं."

मी दारात उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाटेत आडवी आले. "तुम्ही जाऊन सांगाल आणि मोकळे व्हाल," मी म्हणाले. "पुढे तिचं काय? आत्ता ती विधवा आहे. तुम्ही सांगितल्यावर नवरा खाणारी होईल. शेजारच्या चार गावांत तिला कुणी दारात उभं करणार नाही."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग खाली बसले. खरं बोलावं तर मुलीचा घात, गप्प बसावं तर स्वतःचा. त्यांनी स्वतःचा निवडला. पण त्या बसण्यात मला ते एकदम फार म्हातारे दिसले.

न सांगताही व्हायचं ते झालंच. दहाव्याला, नदीकाठी पिंड ठेवले होते, कावळा शिवत नव्हता, तेव्हा कंपनीचा एक साहेब हार घेऊन आला. दत्ताच्या वडिलांना, म्हणजे न्हावऱ्याच्या आबांना, म्हणाला, "वेळ कुणाच्या हातात नसते हो. त्याने जरा घाई केली. नशिबाचा भाग." ते वाक्य आबांनी उचललं. नशिबाचा भाग तर कुणाच्या नशिबाचा? घरात नवीन कोण आलं होतं? तेराव्याचं जेवण झालं आणि त्यांनी सारिकाची पेटी अंगणात आणून ठेवली. "तुझा पाय लागला आन् सव्वा महिन्यात माझं पोरगं गेलं," एवढंच म्हणाले. शिवी दिली नाही, हात उचलला नाही. तिचा भाऊ मोटारसायकलवर पेटी मांडीवर घेऊन बसला आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर मागून आली.

दोन दिवसांनी पाडवा.

आमच्या गल्लीत त्या वर्षी निम्म्या घरांवर गुढी नव्हती. तरी देवळात माणसं जमली, कारण पंचांग ऐकल्याशिवाय गावाचं वर्ष सुरू होत नाही. आप्पा गेले. मीही मागे जाऊन बसले. संवत्सराचं नाव, त्या वर्षाचा राजा कुठला ग्रह, मंत्री कुठला, पाऊस किती, धान्य किती. त्यांचा आवाज कोरडा होता, पण अडखळत नव्हता. बारा राशींची फळं सुरू झाली. मेष, वृषभ. तिथे ते थांबले. दत्ताची रास वृषभ. पुस्तकात त्या राशीला त्या वर्षी विवाहसौख्य लिहिलेलं होतं.

"आप्पा, औंदा गारपीट हाय का?" मागून कुणीतरी विचारलं.

आप्पांनी पंचांग मिटलं. "दम लागतोय," म्हणाले. ते पुन्हा कधी देवळात वाचायला बसले नाहीत.

त्याच दुपारी सारिका आली. एकटी. तिला घरच्यांनी मागच्या दाराने यायला सांगितलं होतं, नव्या वर्षाच्या दिवशी कुणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून. ती पुढच्या दाराने आली. आप्पांसमोर जमिनीवर बसली. मी तिला पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"आप्पा, एकच इचारते. खरं सांगा. माझ्या पत्रिकेत ह्ये व्हतं का?"

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं सावरलं.

"व्हतं असंल तर मी गप बसते," ती म्हणाली. "सासरची म्हणत्यात ते ऐकून घेते. माझ्याच नशिबानं झालं म्हणते. पर न्हवतं असंल, तर मग त्या गळक्या पाइपाचा जाब कुणीतरी द्यायला पायजे. मनोजभैया सांगायला तयार हाय. लॉगबुकाचा फोटो हाय त्येच्या मोबाईलमधी. पर मला आधी तुमच्याकडनं कळलं पायजे. दोन्ही खरं कसं असंल?"

पंचवीस वर्षांची, चार बुकं शिकलेली ती मुलगी. आप्पांचं सगळं शास्त्र आणि माझं सगळं विज्ञान मिळून जो प्रश्न आम्हाला सुचला नव्हता तो तिने जमिनीवर बसून विचारला होता. योग असेल तर गुन्हेगार कुणी नाही. गुन्हेगार असेल तर योग नाही.

मी आप्पांकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही. त्यांचा आवाज आला तेव्हा तो देवळात पंचांग वाचतानाचा होता, स्वच्छ, ठाम.

"नाही. असं काही नव्हतं. तुझा मंगळ भाग्यस्थानात आहे. पत्रिका मी मांडलीय, मला पाठ आहे. तुझ्यात काही खोट नाही, बाळ."

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाया पडली, पाणी प्यायली आणि गेली.

ती गेल्यावर आप्पा म्हणाले, "साडेतीन मुहूर्तांतला एक दिवस. आज केलेलं टिकतं म्हणतात." मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. लहानपणानंतर प्रथमच त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले असेन. ते म्हणाले, "तुला नाही सांगता आलं मला हे. तुझ्या वेळी." मी म्हणाले, "असू दे." आमच्यात त्या विषयावर झालेलं सगळं बोलणं एवढंच.

त्यानंतर त्यांनी पत्रिका मांडणं सोडलं. लोक यायचे, ते सांगायचे, डोळे अधू झालेत. डोळे चांगले होते. तीन वर्षांनी, वैशाखात, ते गेले. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "मी त्या पोरीला फसवलं. शास्त्रालाही फसवलं. दोन्हीकडचा राहिलो नाही." मी सांगितलं, तुम्ही योग्य केलंत. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही, मला कळलं नाही. कडू तोंडाने गेले ते.

सारिका मात्र थांबली नाही. भावाला घेऊन, कधी मला घेऊन, कधी एकटी, ती कचेऱ्या चढत राहिली. मनोजने जबाब दिला आणि त्याची नोकरी गेली. तो बिहारला परतला, पण तारखेला दोनदा स्वतःच्या खर्चाने आला. मधे त्या कारखान्याच्या फाटकावरची पाटी बदलली, मालक बदलले, ज्या साहेबाने सण झाल्यावर बघू म्हटलं होतं तो गुजरातेत कुठेतरी गेला. कुणाला शिक्षा झाली नाही. होईल असं वाटत होतं, असंही नाही. सात वर्षांनी तिच्या हातात चौकशीचा कागद आला. बहुतेक मजकूर आम्हाला समजलाही नाही. पण त्यात एक वाक्य होतं की यंत्राच्या दुरुस्तीत हयगय झाली आणि मयत कामगाराची त्यात काही चूक नव्हती.

तिने त्या कागदाची झेरॉक्स काढली आणि मला म्हणाली, "सुधाताई, न्हावऱ्याला चला. वाचून दाखवायला कुणीतरी पायजे. माझा आवाज न्हाई टिकायचा."

ते चैत्रातले दिवस होते. आबा गोठ्यापुढे बाजेवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सून आलीय हे त्यांना आवाजावरून कळलं असावं, कारण ते उठायला लागले आणि मग तसेच बसले. मी वाक्य वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी आमच्या दत्तानं चुकी केली न्हवती," ते म्हणाले.

"न्हाई, आबा," सारिका म्हणाली.

"मग तवा त्यो सायब असं का म्हणला?"

 गाय खांबाला मान घासत होती. आबांनी चाचपडत हात पुढे केला, सारिकाने तो धरला नाही, पण ती बाजेच्या कडेला बसली. मग ते म्हणाले, "चा घेऊन जावा." आम्ही चहा घेतला. तिची पेटी अंगणात ठेवली होती त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

परतताना न्हावऱ्याच्या स्टँडवर आम्ही एसटीची वाट पाहत उभ्या होतो. ऊन टळटळीत होतं. सारिका आता पस्तिशीकडे झुकली आहे, भावाबरोबर झेंडू लावते, पाडव्याला तिची फुलं पुण्याच्या बाजारात जातात. दुसरं लग्न तिने केलं नाही. का, ते मी विचारलेलं नाही. ती रस्त्याकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "आप्पा त्या दिवशी खोटं बोलले, ते मला तवाच कळलं व्हतं."

मी तिच्याकडे वळले.

"आईनं पत्रिका बदलून आणलेली मला ठावं व्हतं की. लग्नाच्या आधीच ठावं व्हतं. तिच्या ट्रंकेत जुनी बी तशीच व्हती."

"मग विचारायला का आलीस?"

तिने पदराने गळ्यावरचा घाम पुसला. "समदं गाव व्हय म्हणत व्हतं, सुधाताई. माझी आई बी मनातल्या मनात व्हयच म्हणत व्हती. मला एक माणूस पायजे व्हता जो न्हाई म्हणंल. आन् त्यो आप्पांएवढा मोठा पायजे व्हता." तिने पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "तेवढ्यावर सात वर्सं काढली मी."

त्या सगळ्या गावात मीही होते. मी मनात हो म्हटलं होतं, तिच्यासमोर, हातात तिने आणलेलं ताट धरून. ते तिला सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. आणि आप्पा तर हे ऐकायला नव्हतेच. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, तिला फसवल्याचं ओझं घेऊन.

एसटी आली. सारिका आधी चढली आणि मला खिडकीची जागा धरून बसली.